अकरा महिने, अकरा देश



या पानावर इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांच्या, बडोद्याच्या सरकारी नोकऱ्यांच्या, हैदराबादच्या मराठी शाळांच्या आठवणी येतात, त्या मी आवडीने वाचते. आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांबद्दल मात्र इथे फारसं कुणी लिहीत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, वाचणारे काय म्हणतील. मी बेळगावातली निवृत्त शिक्षिका, वय वर्षं बहात्तर. आता मला कोण काय म्हणणार! म्हणून लिहिते. लांबलंय, सावकाश वाचा.

विषय आमच्या घरात सध्या चाललेल्या वादाचा आहे. माझ्या भाचीचं कुटुंब अमेरिकेत, टेक्ससमध्ये स्थायिक आहे. तिची मुलगी तेवीस वर्षांची. पुढच्या वर्षी ही पोर तिकडच्या एका गटाबरोबर मिशनच्या कामाला निघणार आहे. अकरा महिने, अकरा देश, म्हणजे दर महिन्याला एक. यादीत नेपाळ, थायलंड, कंबोडिया, मलावी, इस्वातिनी (पूर्वीचं स्वाझीलँड), रोमानिया, ग्वाटेमाला, होंडुरास आणि आणखी तीन नावं आहेत. माणशी खर्च १८,००० डॉलर, आणि तो ज्याने त्याने आपल्या नातेवाइकांकडून, ओळखीपाळखीतून उभा करायचा. तिकडे तशी पद्धतच आहे. तसं पत्र आम्हा सगळ्यांना आलं, फोटोसकट.

झालं, घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, देवाच्या कामाला निघालीय, हात आखडता घेऊ नका. दुसरा म्हणतो, ही तर वर्षभराची सहल, पैसे दुसऱ्याचे. मग कुणीतरी लिहिलं, "मावशींना विचारा." माझं म्हणणं ग्रुपवरच्या चार ओळींत मावेना, म्हणून इथे मांडते. पोरीनं जरूर जावं. पण अकरा देशांत नको. एका देशात जावं, तिथली भाषा शिकावी, निदान दोन-तीन वर्षं राहावं. मी पैसे देईन ते त्याला.

मला असं का वाटतं हे सांगायला आधी आईबद्दल सांगावं लागेल.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातून बेळगावात मास्तर म्हणून आले. आई तिकडेच एका मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढली. कुठल्या ते सांगत नाही, त्याची गरज नाही. तिच्या लहानपणी थंडीच्या दिवसांत परदेशातून पाहुणे यायचे. दोन दिवस, फार तर आठवडाभर राहायचे. आदल्या दिवशी सगळ्या मुलींना न्हाऊ घालायचं, परकर-पोलकी धुऊन ठेवायची, आणि मग रांगेत उभं राहून गाणी म्हणायची. पाहुणे गोळ्या वाटायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, फोटो काढायचे. आई म्हणायची, "आमचे किती फोटो निघाले असतील गं, पण एक हाती लागला नाही. सगळे तिकडे गेले." खरंच, माझ्या आईचा लहानपणचा एकही फोटो आमच्या घरी नाही. कुठल्या तरी दूरच्या गावात एखाद्या माळ्यावरच्या पेटीत असेल.

त्या पाहुण्यांपैकी एकाचंही नाव आईला आठवत नव्हतं. आठवत होती ती बोर्डिंगाची मिससाहेब. ती एकतीस वर्षं राहिली. तिला 'ळ' म्हणता यायला कित्येक वर्षं लागली, मुली पाठीमागे तिची नक्कल करायच्या. ती काही देवमाणूस वगैरे नव्हती हं. तापट होती, शिस्तीच्या नावाखाली सणालासुद्धा मुलींना घरी सोडायची नाही, आणि हा राग आईच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. पण कुणाचा बाप पितो, कुणाच्या आईला सासरच्यांनी टाकलंय, कुठल्या मुलीला रात्री भीती वाटते, हे सगळं तिला ठाऊक होतं, कारण तिला मराठीत सांगता येत होतं. आईच्या लग्नात कासाराशी बांगड्यांच्या भावावरून घासाघीस तिनेच केली म्हणे, आणि कासार हरला.

आता ही यादी बघा. त्यातला मलावी देश. तिथे बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत. ब्लांटायर या शहराचं नावच मुळी लिव्हिंग्स्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावावरून पडलंय. इस्वातिनीत तेच, होंडुरासमध्ये तेच. रोमानिया तर शतकानुशतकं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना टेक्ससच्या तेवीस वर्षांच्या पोरीने एका महिन्यात देवाबद्दल काय सांगायचं? ग्वाटेमालात स्पॅनिश आहे, शिवाय वीसहून जास्त माया भाषा आहेत. डोंगरातल्या गावात गेलात तर स्पॅनिशसुद्धा पुरत नाही. पोरीला थोडंफार स्पॅनिश येतं म्हणे. बाकीच्या ठिकाणी दुभाषा.

कंबोडियाचं जास्त गंभीर आहे. कार्यक्रमात लिहिलंय, तिथे अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर काम करायचं. कंबोडियात मध्यंतरी काही वर्षं पर्यटक आणि असे मदतीला येणारे पाहुणे वाढले, तसे अनाथाश्रमही वाढले. युनिसेफने लक्ष घातलं तेव्हा दिसलं की त्यातल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, एक तरी, हयात आहेत. गरिबीमुळे मुलं तिथे ठेवलेली. पाहुण्यांना मुलं दिसली की देणगी येते, म्हणून मुलं लागतात. महिनाभर एखादी ताई येते, लळा लावते, रडत निघून जाते, मग पुढची ताई. हे वाचताना मला आईची ती रांग आठवली. हा एक महिना तरी यादीतून गाळावा असं मी भाचीला स्पष्ट सांगितलंय.

आणि नेपाळ. तिथल्या घटनेतच दुसऱ्याचं धर्मांतर घडवायला मनाई आहे, आणि २०१७ च्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. कायदा योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. पर्यटक म्हणून व्हिसा घेऊन गेलेल्या पोरांनी तिथे प्रार्थनेचे कार्यक्रम केले आणि काही बिनसलं, तर पोरं विमानात बसून पुढच्या देशात जातील. पोलिस ज्याच्या दारात येतील तो त्यांना घरात ठेवून घेणारा तिथला माणूस. त्याला पुढचा देश नसतो.

इथे तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, बाई, मिशन हा शब्दच आम्हाला रुचत नाही. मला ते समजतं. गोव्याच्या वाचकांना तर मी काय सांगणार! सोळाव्या शतकात सासष्टी-बार्देशात देवळं पाडली गेली, लोक रातोरात देव घेऊन पलीकडे गेले, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. तुमच्यापैकी कित्येकांची कुलदैवतं मूळ गावात नाहीत, त्यामागे हा इतिहास आहे. तो मी झाकत नाही. पण त्याच गोव्यात त्याच काळात दुसरीही माणसं होती, आणि माझ्या म्हणण्याचा पुरावा मला तिथेच सापडतो.

फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशायरमधला माणूस. रोमला जाऊन जेझुइट झाला, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला, २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. साडेसहा महिने समुद्रात. त्या प्रवासाबद्दल त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. म्हणजे इंग्लंड, इटली, पोर्तुगाल आणि आपला गोवा, आयुष्यात चारच देश. त्यानंतर १६१९ मध्ये मरेपर्यंत चाळीस वर्षं बहुतेक सासष्टीत. इथली भाषा इतकी शिकला की मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत ते छापलं गेलं. शिवाय कोंकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापून आलं. तो राज्यकर्त्यांच्या सावलीत आला होता, हे खरंच. देवळं पाडणाऱ्या सत्तेचंच ते चर्च होतं. पण इथे उतरलेल्या शेकडो पाद्र्यांमधला हा आज आपल्या मराठीच्या इतिहासात बसलाय, आणि ज्यांना त्याचा धर्म मान्य नाही असे प्राध्यापकसुद्धा त्याच्या ओव्या शिकवतात. नंतर १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला. शिकणारा आणि बंदी घालणारा, दोघे एकाच चर्चचे. म्हणून सरसकट बोलू नये.

दुसरा माणूस मला स्टीफन्सपेक्षाही मोठा वाटतो, आणि तो आपल्याच मातीतला आहे. जुझे वाझ. १६५१ मध्ये बाणावलीला जन्मला. त्या काळी गोऱ्यांच्या धर्मसंघांत इथल्या माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून जुन्या गोव्यात गोवेकर पाद्र्यांनीच आपला संघ उभा केला, त्यात हा होता. श्रीलंकेत डचांनी पोर्तुगीजांना हाकलल्यावर कॅथलिकांवर बंदी आली, तिथे पाद्री उरला नाही. हे ऐकून वाझ निघाला. तुतिकोरीनहून मजुराच्या वेशात, अंगावर पंचा, कागदपत्रं नाहीत, १६८७ मध्ये जाफन्यात उतरला. उतरतानाच हगवणीने मरायला टेकलेला. तमिळ शिकला, सिंहली शिकला. कँडीच्या राजाने त्याला पोर्तुगीजांचा हेर समजून अटकेत ठेवलं. तो राजा बौद्ध, आणि वाझला तिथे राहायचं होतं त्याच राजाच्या मर्जीवर. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा शहर सोडून गेला, श्रीमंत गेले, रोग्यांना लोकांनी रानात नेऊन टाकलं. वाझ आणि त्याचा सोबती मागे राहिले. रोग्यांना धुतलं, खाऊ घातलं, मेलेल्यांना पुरलं. ते कुठल्या धर्माचे आहेत हे विचारलं नाही. राजाचा विश्वास बसला तो या कामानंतर. वाझ १७११ मध्ये कँडीतच वारला. एकदा गेला तो गोव्याला परतलाच नाही. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत म्हणून जाहीर केलं, तेव्हा गोव्यात घंटा वाजल्या असतील. आमच्या कॅम्पातल्या घरात मी मात्र एकटीच टीव्हीसमोर बसून होते, कारण आम्ही प्रॉटेस्टंट आणि आमच्यात संत नसतात! म्हटलं, नसू देत. माणूस तर आपला आहे.

स्टीफन्सच्या मागे सत्ता होती. वाझच्या मागे काही नव्हतं, उलट सत्ता त्याला पकडायला टपलेली. आमच्या पोरीच्या मागे डॉलर आहेत आणि अमेरिकेचा पासपोर्ट आहे. तो काही तिचा गुन्हा नाही. पण गावात तिचं स्वागत होतं ते तिचं की पासपोर्टचं, हे कळायलासुद्धा महिना पुरत नाही. कळतं केव्हा? भाजीवालीशी तिच्या भाषेत भांडता येतं तेव्हा. बेळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. घरात मराठी, बाजारात कानडी, बँकेत आणखी तिसरी. इथे पाटीवरच्या अक्षरावरून काय काय होतं ते आपण पाहिलंय. आणि तरी शेजारची कानडी काकू माझ्या आजारपणात पंधरा दिवस डबा देत होती ती तिच्या कानडीत मला रागावत रागावतच. तिचं रागावणं मला कळत होतं, म्हणून तो डबा गोड लागला.

परवा पोरीचा व्हिडिओ कॉल आला. तिचं मराठी मोडकं, पण गोड आहे. म्हणाली, "आजी, मी एकाच ठिकाणी बसले तर बाकीच्या दहा देशांत कोण जाणार?"

मी म्हटलं, "त्या दहा देशांना तू येणार हे माहीत नाही गं बाळा. ते वाट बघत बसलेले नाहीत."

ती हसली. राग मानला नाही, हे तिचं मोठेपण. मग म्हणाली, "पण मला शिकायचंय. जग बघायचंय. घर सोडून जमिनीवर झोपायचंय." आता यावर मी काय बोलणार? हे चांगलंच आहे. तेवीसाव्या वर्षी पोरं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, ही निघालीय. तिच्या धाडसाबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं भांडण आहे ते नावाशी. शिकायला चाललीस तर शिकायला चालले म्हण. मग त्याला मिशन म्हणून लोकांकडून पैसे मागू नकोस, आणि ज्यांच्या घरी उतरशील त्यांना तू मदत करतेयस असं समजू नकोस. मदत ते करताहेत तुला.

शिकायला गेलेली आपली एक बाई होऊन गेली, पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे जवळजवळ तीन वर्षं. वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, बाप्तिस्मा घेतला, चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही. सिस्टरांनी गळ्यात घालायला क्रूस दिला, त्यावर अक्षरं लॅटिन. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का, संस्कृत का नाही? ज्यांनी आसरा दिला त्यांनाच हे विचारायचं, मोठी छाती लागते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. विधवांच्या शाळेसाठी गावोगाव भाषणं देऊन पैसे उभे केले. म्हणजे वर्गणी त्यांनीही मागितली. पण कशासाठी? परत येऊन आयुष्यभर जिथे राहायचं तिथल्या कामासाठी. जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरल्या आणि ११ मार्चला शारदा सदन सुरूसुद्धा झालं. त्याच वर्षी अमेरिकेवरचं पुस्तक मराठीत छापलं. त्याच्या नावात शब्द आहे 'प्रवासवृत्त'. त्यात अमेरिकेचं कौतुक आहे, आणि तिथल्या काळ्या माणसांना आणि मूळ रहिवाशांना कसं वागवलं जातं तेही आहे. पुढे केडगावला राहून बायबल मराठीत आणायचं ठरवलं तेव्हा इंग्रजीवरून सोपं गेलं असतं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मरेपर्यंत तेच करत होत्या.

पोरीला मी रमाबाईंच्या त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर पाठवलंय. तिच्याच देशाबद्दल एका मराठी बाईने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी काय लिहिलं ते आधी वाच म्हटलं. आणि सुचवलंय की मलावी निवड. तिकडची चिचेवा भाषा शिक. शिकवणीचा खर्च, पहिल्या वर्षाचं राहणं, यात माझ्या पेन्शनमधून मी हात लावेन. भाचीला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, तीन वर्षं म्हणजे लग्नाचं वय जाणार. (अमेरिकेत राहूनही आपण बेळगावातच राहतो, हे असं!) पोरीने अजून हो-नाही काही कळवलेलं नाही.

शेवटी एक विनंती, खास गोव्याच्या वाचकांना. वाझच्या मागोमाग १७०५ मध्ये लंकेत गेलेले जाकोम गोन्साल्विस हे दिवाडीचे. जसे स्टीफन्स इथे येऊन मराठीत लिहिते झाले, तसे हे तिथे जाऊन सिंहलीत लिहिते झाले. पुस्तकं लिहिली, शब्दकोश केले, तमिळमध्येही लिहिलं, आणि १७४२ मध्ये तिथेच वारले. सिंहली ख्रिस्ती साहित्यात त्यांचं नाव फार मोठं आहे, आपल्याकडे मात्र कुणाला माहीत नाही. दिवाडीत त्यांच्या घराची जागा, घराण्याची काही आठवण कुणी ऐकली असेल, किंवा मराठी-कोंकणीत त्यांच्यावर कुणी लिहिलेलं तुमच्याकडे असेल, तर खाली जरूर कळवा. पोरीला पाठवायचंय.